पितळी ठोकळ्याचे न्यायदान

चापाभोवतीचे लोखंडी कडे खाली ओढून पुन्हा वर घेतले असता ज्या रायफलीतून झाडलेल्या काडतुसाचे रिकामे पितळ बाहेर पडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस नळीच्या मागील कोठीत जाऊन बसते, त्या रायफलीला लिव्हर ॲक्शन किंवा तरफेची रायफल असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेत हे हत्यार घाईत असलेल्या माणसासाठी निर्माण झाले. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतणे, गोळी दडपणे आणि गज परत जागेवर खोवणे हे सर्व उरकण्याइतका वेळ ज्यांच्यापाशी नव्हता, किंवा समोरचा प्राणी वा मनुष्य तेवढा वेळ देण्यास तयार नव्हता, असा तो वर्ग होता. त्याच रायफलीच्या नव्याने घडविलेल्या प्रतिकृती आज ज्यांच्या हाती आहेत त्या वर्गाचे निरीक्षण केले असता असे दिसते की, दहा गोळ्या मोजक्या काही सेकंदांत झाडता याव्यात यासाठी ही मंडळी आठवड्यातील कित्येक संध्याकाळी तळघरात किंवा गॅरेजमध्ये बसून एकेक काडतूस हाताने भरतात, मोजतात, नापसंत करतात आणि पुन्हा मोजतात.

या रायफलीच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नाव ऑलिव्हर विंचेस्टर याचे असून तो पूर्वाश्रमीचा शर्टांचा कारखानदार होता, ही गोष्ट इतिहासकार सहसा एका ओळीत उरकतात. वस्तुतः ती अधिक विचारास पात्र आहे, कारण शर्टाच्या धंद्यात बोटभर कमीजास्त झालेले माप गिऱ्हाईक निमूटपणे अंगावर वागविते, आणि या गृहस्थाने पुढे जे यंत्र विकले ते केसभर कमीजास्तही वागवीत नाही. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे त्याच्या कारखान्यात बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये जी रायफल सिद्ध केली तिच्या नळीखालील पोकळ पन्हळीत १६ काडतुसे मावत, आणि यादवी युद्धात दक्षिणेचे सैनिक तिच्याविषयी असे म्हणत असल्याचे सांगतात की उत्तरेकडील लोक ती रविवारी भरतात व आठवडाभर झाडतात. तिचे काडतूस मात्र असे होते की ठिणगी पाडणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असे आणि घोड्याच्या ठोक्याने ती कड कायमची चेपली जाई, त्यामुळे एकदा झाडलेले काडतूस पुन्हा भरण्याची सोय नव्हती. १८७३ च्या नमुन्याबरोबर आलेल्या ४४-४० या काडतुसात हे मिश्रण बुडाच्या मध्यभागी एका छोट्या, बदलता येणाऱ्या टोपीत बसविले गेले. तिला प्राइमर म्हणतात. या टोपीमुळे पितळ पुन्हा वापरण्याजोगे झाले आणि काडतूस पुन्हा भरणारा मनुष्य या विशेष मानवी जातीचा उदय झाला.

त्या काळी हे भरणे छंद नव्हता. जवळचे दुकान दोन दिवसांच्या घोडदौडीवर असेल तर रिकामे पितळ फेकून देणे ही उधळपट्टी ठरते, आणि हे ओळखून विंचेस्टर कंपनी रायफलीबरोबरच काडतुसे भरण्याची अवजारेही विकीत असे. १८८४ मध्ये जॉन बार्लो याने त्याच न्यू हेवनमध्ये आयडियल नावाची कंपनी काढून मोठ्या चिमट्यासारखे एक हातअवजार बाजारात आणले, ज्याच्या साहाय्याने रानातल्या शेकोटीपाशी बसूनही जुना प्राइमर काढता येई, नवा बसविता येई आणि पितळाचे तोंड गोळीवर आवळता येई. त्या काळच्या भरणाऱ्यांच्या आजच्या वारसांच्या घरापासून दुकान पंधरा मिनिटांच्या मोटारप्रवासावर असते आणि तेथे भरलेली काडतुसे खोक्याने मिळतात. तरीही घरी भरल्याने पैसे वाचतात असे ते सांगतात. हे विधान दर काडतुसामागे खरे आहे. प्रेस, त्यात बसवून पितळाला आकार देणारे डाय नावाचे साचे, तराजू, मापक, व्हर्निअर कॅलिपर, पितळ घोळविण्याचे यंत्र आणि त्या यंत्रात घालावयाचा मक्याच्या कणसांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भुगा यांची किंमत हिशेबात धरली की ते खरे राहत नाही, म्हणून ती धरली जात नाही. आणि काडतूस स्वस्त पडते म्हणून दुप्पट झाडले जाते, यालाही बचतीतच जमा करण्याची पद्धत आहे.

या छंदाचे मुख्य लक्षण असे की त्यातील जवळजवळ सर्वच गोष्टी मानीव आहेत. अमेरिकेचा पश्चिम भाग जिंकणारी रायफल असे जे बिरुद जाहिरातीत मिरविले गेले, ते कंपनीने विसाव्या शतकात, म्हणजे जिंकण्यासारखा पश्चिम भाग शिल्लक नसताना लावले. चित्रपटांनी हे काम पुढे नेले: १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन याच्या हातात १८९२ चा नमुना आहे आणि कथानक साधारण १८८० च्या सुमाराचे आहे, परंतु बारा वर्षांनी जन्माला येणारी रायफल आधीच फिरविणाऱ्या नायकाला प्रेक्षकांतील कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. पुढे इटालियन दिग्दर्शकांनी स्पेनमधल्या उजाड टेकड्यांवर अमेरिकेचे चित्रपट काढले, आणि त्याच काळात उत्तर इटलीतील ब्रेशियाजवळच्या व्हाल ट्रोंपिया या बंदुका घडविणाऱ्या खोऱ्यात उबर्टी या कारखान्याने, जो १९५९ मध्ये सुरू झाला, अमेरिकेच्या जुन्या हत्यारांच्या प्रतिकृती घडविण्यास प्रारंभ केला. न्यू हेवनमधील मूळ कारखाना २००६ मध्ये बंद पडला. विंचेस्टर हे नाव कोरलेली नवी १८७३ जपानमध्ये मिरोकू कंपनीत तयार होते आणि १८९२ ची लोकप्रिय नक्कल ब्राझीलमधून येते. तेव्हा अस्सल पश्चिमेची रायफल पाहिजे असणाऱ्याने ती इटलीहून मागवावी की जपानहून, असा प्रश्न असतो, आणि अस्सलपणाच्या चाहत्यांत या प्रश्नावर दोन कट्टर पक्ष आहेत.

माणसांचीही तीच स्थिती आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी या संस्थेच्या स्पर्धांत प्रत्येक सभासदाला एक टोपणनाव घ्यावे लागते, ते दुसऱ्या कोणाचे असता कामा नये आणि त्याची रीतसर नोंद होते. पोशाख एकोणिसाव्या शतकातील किंवा त्या शतकाविषयीच्या चित्रपटांतील असावा लागतो. त्यामुळे दंतवैद्य, विमा कंपनीतील अधिकारी आणि निवृत्त शिक्षक हे शनिवारी सकाळी दरोडेखोर, मारेकरी व शेरीफ होतात, कमरेला दोन पिस्तुले लावतात आणि दगडफेकीच्या टप्प्यात येतील अशा पोलादी पत्र्यांवर घड्याळ लावून गोळीबार करतात. एक नेम हुकला तर एकूण वेळेत पाच सेकंद मिळविले जातात, आणि पश्चिमेच्या इतिहासात एवढी सौम्य शिक्षा अन्यत्र आढळत नाही.

काडतुसांची नावे या सर्वांवर कडी करतात. ४४-४० या नावात पहिला आकडा गोळीचा व्यास शतांश इंचांत आणि दुसरा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये दाखवितो असा संकेत आहे. ग्रेन हे जुने इंग्रजी वजन असून ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम भरतो, आणि आपल्याकडील सराफांची गुंज त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. प्रत्यक्षात ४४-४० ची गोळी .४२७ इंच व्यासाची असते, आणि आजच्या पितळाचे बूड जुन्यापेक्षा जाड असल्याने त्यात ४० ग्रेन काळी दारू मावत नाही. अर्थात नावातील दोन्ही आकडे आता सन्माननीय पदव्या म्हणूनच उरले आहेत. त्याचे धाकटे भावंड ३८-४० याहून धीट आहे. त्याची गोळी .४०१ इंचाची असल्याने नावातील ३८ ला काडतुसात कोठेच थारा नाही, आणि दारूचे वजन म्हणून आलेला ४० हा आकडा योगायोगाने गोळीच्या व्यासाला जाऊन लागू पडतो.

या मानीव सृष्टीत एकच घटक असा आहे की ज्याच्यापुढे नाव, वेश, जाहिरात आणि घराणे यांपैकी काहीही चालत नाही, आणि तो म्हणजे १८७३ च्या रायफलीच्या पोटातील पितळी ठोकळा. पन्हळीतील स्प्रिंग काडतुसांना मागे ढकलते व सर्वांत मागचे काडतूस या ठोकळ्यात शिरते. तरफ खाली ओढली की ठोकळा विहिरीतल्या पोहऱ्याप्रमाणे सरळ वर येतो आणि काडतूस कोठीसमोर धरतो. यात मेख अशी आहे की पन्हळीतील पुढच्या काडतुसाला थोपवून धरण्यासाठी वेगळी खीळ नाही. ठोकळ्यातील काडतुसाची स्वतःची लांबी हीच खीळ होय. काडतूस प्रमाणापेक्षा लांब झाले तर त्याचे नाक पन्हळीत अडकते आणि ठोकळा उठत नाही. आखूड झाले तर पुढच्या काडतुसाचे बूड त्याच्यामागोमाग आत डोकावते आणि तरीही ठोकळा उठत नाही. ४४-४० ची एकूण लांबी १.५९ इंचाच्या आसपास असावी लागते आणि ‘आसपास’ या शब्दाचा अर्थ येथे इंचाच्या सहस्रांशांत करावयाचा असतो. दुकानातून आणलेले काडतूस ही अट बहुधा पाळते, घरी भरलेले पाळीलच असे नाही, आणि आपले काडतूस ती पाळीत नाही हे भरणाऱ्याला तळघरात नव्हे तर घड्याळ सुरू झाल्यावर, पंच, प्रतिस्पर्धी आणि ऊन यांच्या साक्षीने कळते. जॉन ब्राउनिंग याने रचलेल्या १८९२ व १८९४ च्या नमुन्यांत काडतूस तिरके वर उचलले जाते, त्यामुळे ते या बाबतीत काहीसे उदार आहेत; परंतु १८७३ ची तरफ लोण्यासारखी फिरते असे तिचे भक्त म्हणतात आणि त्या मऊपणासाठी ते ठोकळ्याचा जाच सोसतात.

लांबी साधली तरी ती टिकली पाहिजे, आणि येथे इतिहास भरणाऱ्याच्या विरुद्ध जातो. काळ्या दारूच्या दिवसांत पितळ काठोकाठ भरलेले असे व गोळी त्या दारूवर टेकून बसे, त्यामुळे स्प्रिंगने कितीही रेटले तरी ती आत सरकत नसे. बिनधुराची दारू, जी १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने शोधली, इतकी जोरकस आहे की तिची चिमूटभर मात्रा त्याच पितळाच्या तळाशी पडून राहते आणि वर नुसती पोकळी उरते. आधार गेलेली गोळी स्प्रिंगच्या धक्क्यांनी पितळात मागे सरकते, काडतूस आखूड होते आणि प्रकरण पुन्हा ठोकळ्याच्या न्यायासनापुढे येते. म्हणून पितळाचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट आवळावे लागते, ज्याला क्रिंप म्हणतात. परंतु ४४-४० चे पितळ तोंडाशी इतके पातळ असते की जरा जास्त दाब दिला तर त्याची मान मुडपते आणि कमी दिला तर गोळी सरकते, आणि या दोन दुर्गतींमधील मार्ग प्रत्येक प्रेसवर निराळा असतो. त्यात भर म्हणून, एका काडतुसाची गोळी पुढच्याच्या प्राइमरवर टेकलेली असल्यामुळे टोकदार गोळी येथे निषिद्ध आहे, कारण बंदुकीच्या धक्क्याने ते टोक प्राइमरवर आदळून पन्हळीतल्या पन्हळीत स्फोट होण्याचा धोका असतो. त्यामुळे या गोळ्यांची नाके चपटी असतात. आणि हा या छंदातील असा एकमेव सौंदर्यविषयक नियम आहे ज्यावर वाद झालेला नाही.

पोकळीचा दुसरा धोका गंभीर आहे. मोठ्या पितळात चिमूटभर दारू असली की चुकून दोनदा घातली तरी ती मावते व वरून काही कळत नाही, आणि असे काडतूस झाडल्यास रायफल आणि मालक यांपैकी एकाचे तरी स्वरूप पालटते. यावर उपाय म्हणून मेदूवड्यासारखी मध्ये भोक असलेल्या फुगीर कणांची, जागा व्यापणारी एक दारू खास या छंदासाठी काढण्यात आली. तिचे नाव ट्रेल बॉस असून ती ऑस्ट्रेलियात तयार होत असे, म्हणजे पश्चिमेच्या पुनरुज्जीवनाचे भूगोलाशी असलेले नाते येथेही सुटलेले नाही. ही दारू बाजारातून नाहीशी झाली तेव्हा तिच्या शिल्लक डब्यांना जी प्रतिष्ठा आली ती क्वचितच एखाद्या स्फोटक पदार्थाच्या वाट्याला येते.

आता या सर्व परिश्रमांचे उद्दिष्ट काय, तर काडतूस होईल तेवढे दुबळे करणे. गोळी जितकी मंद तितका धक्का कमी, धक्का कमी तितका पुढचा नेम लवकर, हे सूत्र स्पर्धकांनी एवढ्या निष्ठेने पाळले की अखेर नियमावलीत किमान ताकदीची अट घालावी लागली: गोळीचे ग्रेनमधील वजन व तिचा सेकंदाला फुटांतील वेग यांच्या गुणाकाराला १००० ने भागले असता उत्तर ६० च्या खाली येता कामा नये आणि वेग सेकंदाला ४०० फुटांहून कमी असता कामा नये. मूळ ४४-४० रायफलीतून सेकंदाला १२०० फुटांच्या वर धावत असे. ज्या सीमाप्रदेशात अस्वलापुढे हे काडतूस अपुरे पडते अशी तक्रार होती, त्याच्या स्मरणार्थ भरविलेल्या सोहळ्यात ते त्याच्या एक-तृतीयांश वेगाच्या खाली तरी नेऊ नये, अशी विनवणी नियमाने करावी लागते, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

या दुबळेपणाला कंटाळलेला एक कर्मठ संप्रदाय आहे व तो काळ्या दारूखेरीज दुसरे काही पितळात घालीत नाही. साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक यांची ही दारू पितळात पोकळी न ठेवता भरावी लागते, त्यामुळे वरील दोन्ही धोके आपोआप टळतात, आणि पूर्वजांना जे सहज साधले होते ते आपण शतकभर गुंतागुंत करून पुन्हा गाठले असे समाधान तिच्या अनुयायांना लाभते. या संप्रदायाचा एक धागा आपल्याकडेही पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात जगातील सोऱ्याचा मोठा भाग बिहारमधून कलकत्त्यामार्गे इंग्लंडला जाई, आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर उत्तरेच्या सरकारसाठी हाच हिंदुस्थानी सोरा विकत घेण्यास लामो ड्यूपाँ लंडनला गेला असता ट्रेंट नावाच्या जहाजावरून दोन्ही देशांत उद्भवलेल्या तंट्यामुळे इंग्रजांनी त्याचा माल काही काळ अडकवून ठेवला होता. आजच्या भारतीय वाचकाचा या विषयाशी संबंध याहून पुढे जाऊ नये हे उत्तम, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे आणि ‘छंद होता’ ही सबब पोलीस ठाण्यात फारशी मानली जात नाही.

काळ्या दारूचा धूर पांढरा व दाट असतो, त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो, आणि पहिल्या गोळीनंतर पत्रा दिसत नसल्यामुळे उरलेल्या नऊ गोळ्या स्मरणशक्तीच्या बळावर झाडाव्या लागतात. तिचा राखाडी मळ नळीत साचून कडक होऊ नये म्हणून गोळीच्या खाचेत मेण व चरबी यांचे मऊ वंगण भरतात, आणि तो मळ हवेतील ओल शोषून लोखंड गंजवीत असल्याने त्याच दिवशी नळी पाण्याने धुणे भाग असते. पाण्यात विरघळणारे तेल व पाणी यांच्या ज्या पांढुरक्या मिश्रणाने ही धुलाई करतात त्याला तेथे मूस या महाकाय हरणाचे दूध असे नाव आहे, आणि इथवर आलेल्या वाचकाला त्यात दूध नाही व हरीणही नाही हे सांगण्याची गरज नसावी.

कर्मठांचा खरा रोष मात्र ४५ कोल्ट या काडतुसावर आहे. हे काडतूस १८७३ मधीलच असले तरी ते पिस्तुलासाठी होते. त्याच्या बुडाची कड इतकी अरुंद होती की रायफलीच्या आकड्याला ती पकडता येत नसे, आणि म्हणून जुन्या काळी तरफेची एकही विंचेस्टर त्या मापात निघाली नाही. आजच्या प्रतिकृती सर्रास निघतात, कारण गिऱ्हाइकाला पिस्तूल व रायफल दोहोंत एकच काडतूस हवे असते व ४५ कोल्टचे सरळसोट पितळ भरण्यास सोपे असते. इतिहास मात्र वायूच्या रूपाने सूड घेतो: ४४-४० चे पातळ तोंड बार उडताच फुगून कोठीला चिकटते व धूर मागे येऊ देत नाही, तर ४५ कोल्टचे जाड तोंड हलक्या बाराने पुरेसे फुगत नाही आणि काजळी मागे फिरून ठोकळ्यावर व मालकाच्या चेहऱ्यावर बसते. १९३० च्या दशकातील ३५७ मॅग्नम या मापातही १८७३ ची रायफल मिळते आणि तीच स्पर्धांत बहुसंख्येने जिंकते; तिच्यावर कर्मठ टीका करीत नाहीत, कारण टीका करण्याइतके ते तिच्या जवळपास पोहोचत नाहीत.

प्रत्येक फेरी संपली की पितळ वेचण्याचा कार्यक्रम होतो, आणि सर्व स्पर्धेत हाच भाग सर्वांत चुरशीचा असतो. १८७३ ची रायफल रिकामे पितळ सरळ वर उडवीत असल्याने त्यातील काही झाडणाऱ्याच्या हॅटच्या काठावर थांबते, काही सदऱ्याच्या गळ्यातून आत जाते आणि उरलेले गवतात पडते, जेथे भयंकर टोपणनावे धारण केलेले पुरुष व स्त्रिया गुडघ्यांवर हात ठेवून, चष्मे सावरीत, एकेक पितळ उचलून त्याच्या बुडावर शाईच्या लेखणीने केलेली आपली खूण तपासतात. ४४-४० आणि ३८-४० यांची बुडे सारखीच असल्यामुळे त्यांची सरमिसळ हमखास होते. आणि पुढच्या आठवड्यात तळघरातील प्रेसवर, ३८-४० च्या डायमध्ये ४४-४० चे पितळ शिरले की ते कुरकुर न करता तेवढे अरुंद होऊन बाहेर येते, बुडावर मात्र ४४ असेच छापलेले राहते, व भरणारा ते दिव्याखाली धरून वाचतो, पुन्हा वाचतो आणि मग वेगळ्या डब्यात टाकतो.